बिब्बा न लागलेली दोन डुकरं

साहेब, परवाच्या शोकसभेत तुमच्याबद्दल सगळे चांगलं बोलले आणि त्यातलं बरंचसं खरं होतं, म्हणून मी मधेच उठून बाहेर आलो. खोटं बोलले असते तर बसलो असतो, मनातल्या मनात हसत शेवटपर्यंत बसलो असतो. जव्हारच्या त्या हॉलमध्ये टेबलावर तुमचा फोटो, फोटोला हार, आणि एकेक जण उठून सांगत होता की डॉक्टर कसे चिखलात उतरायचे, कसे जीप बंद पडली तरी पायी पाड्यावर पोचायचे. मलाही बोलायला सांगितलं. तुमच्या हाताखाली अकरा वर्षं काढलेला पशुधन पर्यवेक्षक तिथे मी एकटाच होतो. मी म्हटलं, घसा बसलाय. घसा ठणठणीत होता.

तिथे बोललो नाही ते इथे बोलतो. तुम्हाला आता उलट उत्तर देता येत नाही, हे मला कळतं. मला अकरा वर्षं देता येत नव्हतं. तेव्हा आपली फिटंफाट झाली असं समजा.

मला तुमचा राग आहे. मेल्यावर राग निवळतो म्हणतात, माझा निवळलेला नाही. उलट तुम्ही असे मधेच निघून गेलात म्हणून आणखीच चढलाय. सूर्यमाळच्या वरच्या पाड्यावरची एक म्हातारी, सोमीबाय, तिला एक वाक्य सांगायचं तुमच्याकडे बाकी होतं. तुम्ही ते सांगितलं नाहीत. सांगतो, बघू, पुढच्या फेरीत, असं करत तुम्ही रिटायर झालात, नाशिकला गेलात आणि एका सकाळी चहाचा कप हातात असताना गेलात. किती सोयीचं.

तुम्हाला आठवत असेलच, तरी सांगतो. शतक सरायला दोन-तीन वर्षं होती. सरकारी योजनेतून त्या पाड्यावर आठ घरांना पांढरी डुकरं मिळाली. आपल्याकडची गावठी डुकरं काळी, केसाळ, कशीही कुठेही वाढणारी. ही गुलाबी कातडीची, लांब अंगाची. पाड्यावर त्यांना ‘सायबाची डुकरां’ म्हणायचे आणि पोरं नुसती बघायला जमायची. माद्या व्याल्या, पिल्लं तीन-साडेतीन महिन्यांची झाली, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर एकेक पिल्लू बसायला लागलं. खाणं सोडायचं. मागचे पाय आखडून चालायचं. मग मांड्यांवर आणि ढुंगणावर तांबडे-जांभळे डाग यायचे, ते पोटाखाली पसरायचे, कानापर्यंत जायचे, काळे पडून त्यांच्यावर खपली धरायची. अंगात ताप असा फारसा नाहीच. चार दिवसांत पिल्लू मरायचं. त्याच खुराड्यातलं शेजारचं पिल्लू मात्र धडधाकट उभं असायचं.

पहिल्या फेरीत तुम्ही लांबूनच म्हणालात, ऊन लागलंय, पांढऱ्या कातडीला डोंगरावरचं ऊन सोसत नाही. ऊन पोटाखाली कसं लागेल, असं मी मनात म्हटलं. मनात म्हणायची मला तुमच्यामुळेच सवय लागली.

दुसऱ्या फेरीत एक पिल्लू आपल्यासमोरच मेलं आणि तुम्ही ते उघडलं. तुमची सुरी चालताना बघणं हा एक आनंद होता, हेही सांगून टाकतो. कुठे किती दाब द्यायचा, पडदा कसा सोडवायचा, हे मी तुमच्याकडूनच शिकलो. पुस्तकात ते कुठेच नसतं. तुम्ही मूत्रपिंडं बाहेर काढलीत. दुप्पट फुगलेली होती, फिकट, आणि सगळीकडून लाल ठिपके, डास चावल्यासारखे. तुम्ही म्हणालात, ‘काशिनाथ, स्वाइन फीव्हर.’ मी म्हटलं, ताप नाही साहेब, आणि मोठी डुकरं सगळी चांगली आहेत. तुम्ही म्हणालात, नमुने पुण्याच्या प्रयोगशाळेत जाऊ देत, मग बोलू.

आणि नमुने तुम्ही फॉर्मलीनच्या बाटलीत टाकलेत. सगळेच्या सगळे. मी तेव्हाही विचारलं होतं, थोडं बर्फात घालून न्यायचं का? जव्हारला कोल्ड्रिंकवाल्याकडे बर्फ मिळत होता, मी मोखाड्याच्या जीपने जाऊन दुपारपर्यंत आणला असता. तुम्ही म्हणालात, एस्टीत बर्फ वितळून घाण होईल, कंडक्टर खाली उतरवेल. पुण्याहून उत्तर आलं की हे स्वाइन फीव्हर दिसत नाही, रक्तवाहिन्यांना सूज आहे, मूत्रपिंडं बिघडलेली आहेत, याहून जास्त या नमुन्यांवरून सांगता येणार नाही. जंतू शोधायचे तर ताजं मांस लागतं. फॉर्मलीनमध्ये जंतू जिवंत राहत नाहीत, हे तुम्हीच मला कामाला लागल्याच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं.

आता तुमच्याकडे एक कागद होता आणि त्यावर कारण नव्हतं. वरून विचारणा होत होती, योजनेतली जनावरं मेली कशाने. तुम्हाला रिकामी जागा बघवत नसे. कुठलाही फॉर्म असो, रकाना भरलाच पाहिजे. तिसऱ्या फेरीत तुम्ही एका पिल्लाच्या मांडीवर बोट ठेवून मला विचारलंत, ‘हा डाग वेगळा दिसतो. हे काय लावलंय?’

मी म्हटलं, ‘बिब्बा, साहेब.’

आपल्याकडे गुडघा सुजला, पाय मुरगळला, गुराचा खूर दुखावला की बिब्बा घालतात. सुईच्या टोकाला बिब्बा खुपसून तो दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की त्याचे बारीक ठिपके सुजेभोवती द्यायचे. कुणाकुणाच्या अंगावर तो उततो, फोड येतात, कातडं काळं पडतं. पाड्यावर बिब्बा घालणारी सोमीबाय. तीच सुईण. आखडलेल्या पायांची पिल्लं लोकांनी तिच्याकडे नेली आणि तिने पायांभोवती ठिपके दिले. डाग आधी आले होते, बिब्बा नंतर लागला होता. हे पाड्यावरच्या शेंबड्या पोराला माहीत होतं. पण तुमचे डोळे लकाकले. बिब्ब्याने कातडी भाजते, बिब्बा पोटात किंवा रक्तात गेला तर मूत्रपिंडाला मारक. कातडी आणि मूत्रपिंड, दोन्ही जुळलं. तुम्ही तिथेच, जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिलंत: एका स्थानिक महिलेने केलेल्या घरगुती उपचारामुळे विषबाधा.

रकाना भरला.

माझ्या भेटीच्या वहीत त्याच दिवशी मी लिहिलं आहे: बुध्या गावितकडची दोन पिल्लं, बिब्बा लावलेला नाही, डाग तेच, मेली. बुध्याचं घर पाड्याच्या खालच्या अंगाला आणि त्याचं सोमीबायशी बांधावरून वाकडं, तो तिच्या दारात पाय ठेवत नव्हता. त्याच्या पिल्लांना बिब्बा लागणं शक्यच नव्हतं. हे मी वहीत लिहिलं, तुम्हाला सांगितलं नाही. माझी बढती तुमच्या गोपनीय अहवालावर अडलेली होती. तुम्ही एकदा ठरवलं की समोरचा माणूस तुम्हाला दिसेनासा व्हायचा, आणि मी तुम्हाला दिसत राहायला धडपडत होतो.

मग शाळेच्या ओट्यावर सभा झाली. तुम्ही दहा मिनिटं बोललात. विषबाधा, मूत्रपिंड, अशास्त्रीय उपाय. तुमची भाषा घाटावरची, शुद्ध, आणि पाड्याची बोली वेगळी. माझं घर साखरशेतचं, ती बोली माझ्या घरची. तुमची दहा मिनिटं मी लोकांना दोन वाक्यांत सांगितली. घरगुती उपायाने मेली म्हटल्यावर योजनेतून बदली डुकरं मिळणार नाहीत, हेही त्याच वेळी कळलं. सगळे सोमीबायकडे बघत होते. ती उठून गेली.

पुढे काय झालं ते तुम्ही कधी विचारलं नाहीत, मी मात्र दर फेरीला बघत होतो. आधी तिच्याकडे गुरं येईनाशी झाली. मग माणसं. मग बाळंतपणाला बोलावणं थांबलं. तिचा हात वाईट, असं बोललं जायला लागलं, आणि आपल्याकडे हात वाईट म्हटल्यावर पुढचा शब्द कोणता येतो ते तुम्हाला सांगायला नको. भुताळी. कुणी तोंडावर म्हटलं नाही, एवढं तिचं नशीब. तिच्या स्वतःच्या सुनेच्या वेळी मुलाने पलीकडच्या पाड्यावरून दुसरी बाई आणली आणि आईला अंगणात बसवलं. पाड्यावरची निम्मी पोरं जिच्या हातावर जन्मली, ती आपल्या नातवाचं पहिलं रडणं कुडाच्या बाहेरून ऐकत बसली होती.

साहेब, मी असं म्हणत नाही की तुम्ही वाईट होता. तसं असतं तर किती बरं झालं असतं. दाभोशाला त्या म्हशीच्या पोटात पारडू आडवं अडकलं होतं तेव्हा तुम्ही शेणाच्या चिखलात पालथे पडून, खांद्यापर्यंत हात आत घालून तीन तास काढलेत आणि पारडू जिवंत ओढलंत. मग त्या घरच्या माणसाने पाय धरले तर त्यालाच रागावलात. माझ्या बायकोला विषमज्वर झाला तेव्हा मला न विचारता पंधरा दिवस माझ्या वाटच्या फेऱ्या तुम्ही केल्यात. हे सगळं मला पाठ आहे. शोकसभेत हेच बोलायचं होतं ना सगळ्यांना? मग सोमीबायच्या वेळीच हा माणूस कुठे गेला होता?

चार-पाच वर्षांनी तुम्ही मला केबिनमध्ये बोलावून दार लावलंत. कॉलेजातल्या जुन्या मित्राने तुम्हाला टपालाने एका लेखाची झेरॉक्स पाठवली होती. इंग्रजी मला झेपत नव्हतं, तुम्ही वाचून मराठीत सांगत होता. परदेशातल्या डुकरांमध्ये असाच एक आजार, दीड ते चार-पाच महिन्यांच्या पिल्लांना. मागच्या अंगाला जांभळे डाग, फुगलेली फिकट मूत्रपिंडं, त्यांवर लाल ठिपके. वाचता वाचता तुमचा आवाज बारीक होत गेला. कारण काय, तर नक्की माहीत नाही. संशय एका अगदी लहान विषाणूवर, सर्को व्हायरस त्याचं नाव. संशय श्वासाचा आणि गाभडण्याचा रोग करणाऱ्या दुसऱ्या एका विषाणूवर. संशय पाश्चुरेला या जिवाणूवर. कदाचित यांतलं कुणी एकटं नाही, दोघं-तिघं मिळून. आणि खरं नुकसान जंतू करतच नाही. त्याच्याशी लढताना शरीरातच जो गाळ तयार होतो तो कातडीच्या आणि मूत्रपिंडाच्या बारीक वाहिन्यांत अडकतो आणि त्या सुजतात. तुम्ही झेरॉक्स खाली ठेवलीत आणि चष्मा पुसत बसलात.

मी म्हटलं, ‘म्हणजे बिब्बा नाही.’

‘तसं सिद्ध होत नाही. आपल्याकडे ताजे नमुने नाहीत.’

‘नमुने फॉर्मलीनमध्ये कुणी टाकले?’

तेवढं मी पहिल्यांदाच तोंडावर बोललो. तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, ‘मी टाकले. पण काशिनाथ, कारणच ठरलेलं नाही, तर जाऊन सांगायचं काय? विषाणू आहे असं सांगू? कुठला?’

‘विषाणूचं राहू द्या. बाई, डुकरं तुझ्या बिब्ब्याने नाही मेली, एवढं सांगा.’

‘तेही मला ठामपणे म्हणता येणार नाही.’

तेव्हा मी वही काढून बुध्याच्या दोन पिल्लांची नोंद दाखवली. तुम्ही ती दोनदा वाचलीत, तारीख बघितलीत आणि विचारलंत, ‘हे तेव्हा का नाही सांगितलंस?’ मी वही मिटून पिशवीत घातली. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. म्हणालात, जाऊ एकदा वर, पावसाळा उतरू दे.

पावसाळा उतरला. पुढचाही उतरला. तुम्ही गेला नाहीत. बिब्बा लिहिताना तुम्हाला कसलाच पुरावा लागला नव्हता, आणि खोडताना मात्र जगातल्या सगळ्या प्रयोगशाळांचा निकाल हवा होता. याला शास्त्र म्हणतात का, हे मी तुम्हाला रिटायर होण्याच्या दिवशीही विचारलं. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात आणि ती झेरॉक्स मला देऊन टाकलीत. जणू मीच ती मागत होतो. तो हात मी झटकायला हवा होता.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळची जीप पकडून मी सूर्यमाळला गेलो आणि तिथून पायी वर. झेरॉक्स खिशात होती. तुमचं काम आपण करू आणि मग तुमच्या नावाने मनसोक्त चरफडू, असं ठरवूनच निघालो होतो. सोमीबाय आता बरीच वाकली आहे. अंगणात सुपात नागली निवडत होती. मी सांगितलं, डॉक्टर गेले.

‘बरा माणूस व्हता,’ ती म्हणाली. ‘माझ्या शेळीला सुई दिली व्हती.’

मी तिला सगळं सांगितलं. तो आजार वेगळा होता, डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंचा असावा, कुठला ते शहाण्या लोकांनाही अजून पुरतं उमगलेलं नाही, पण बुध्याची दोन डुकरं बिब्ब्याशिवाय मेली होती. तुझ्या हाताने काही झालं नाही. ती निवडतच राहिली.

‘तां मला ठावां व्हतां,’ ती म्हणाली. ‘बिब्बा मी जनमभर घातला. माझ्या पोरांना घातला. कोण मेला नाय.’

मी म्हटलं, ‘साहेबांनी तसं लिहिलं, म्हणून लोकांनी तुला...’

‘लिवलां तां कोणी वाचलां?’ तिने पहिल्यांदा वर बघितलं. ‘वट्यावर तो काय बोलला तां आमाला समजलांच नाय. त्यानं माझां नाव घेतलां नाय. त्याला माझां नाव ठावांच नव्हतां. काशा, नाव तू घेतलांस.’

साहेब, मी तिथे अंगणातच बसलो. तुमची ती दहा मिनिटं मी तुमच्या रागात इतकी वर्षं घोळवली, पण माझी दोन वाक्यं मला त्या क्षणापर्यंत आठवली नव्हती. तुम्ही म्हणाला होता, जनावरांना बिब्बा लावू नये, त्यामुळे असं होतं. आणि मी म्हणालो होतो, ‘सोमीबायच्या बिब्ब्यानं तुमची डुकरां मेली. आता तिच्याकडं नेऊ नका.’ लोकांना चटकन कळावं, सभा लवकर आटपावी, उन्हाच्या आत खाली उतरावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तुमचा कागद जव्हारच्या कपाटात पडून राहिला. पाड्यावर राहिलं ते माझं बोलणं, कारण बोलणारा घरचा होता.

मी तिला म्हटलं, चुकलो. ती म्हणाली, माझ्या अंगणात काय सांगतोस. सूप बाजूला ठेवून ती उठली आणि काठी टेकत शाळेकडे चालायला लागली. मी मागे. बरेचसे लोक भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलेले होते. ओट्याजवळ सात-आठ जण जमले, त्यात तिची सून होती, आता मोठ्या झालेल्या नातवाला घेऊन. बुध्या आला, म्हातारा झालाय, तोही खाली बसला. सोमीबाय म्हणाली, ‘तवा सांगितलांस तेवड्याच मोठ्यानं सांग.’

मी उभा राहिलो. खिशातली झेरॉक्स काढली आणि सुरुवात केली, ‘डॉक्टरसाहेबांनी तेव्हा...’

‘मेल्या माणसाचां नको,’ सोमीबाय म्हणाली. ‘तुझां सांग.’